टाळावयाचे शब्द

खोली बघायला गेले तेव्हा ती उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिने मला चपलेपासून चष्म्यापर्यंत एकदा पाहिलं आणि हातातलं सूप खाली न ठेवता गायली:

चष्म्याची बाय आली गो, बुकांचा भारा,
चहा करता येईना, शिकवते तालुका सारा.

मला चहा करता येत नाही हे तिने कशावरून ओळखलं ते मला अजून कळलेलं नाही.

"आता तू," ती म्हणाली.

"काय?"

"आता तू मला बोल."

"छान आहे घर."

"घराला नाय गो. मला."

मी म्हटलं, तुमचा आवाज फार गोड आहे. तिने नवऱ्याकडे वळून सांगितलं, "हिला उलट बोलता नाय येत. मागची खोली द्या. पुढं लोकं येतात." नवरा एसटीतला निवृत्त कंडक्टर. तो उठला आणि पुढचे स्टॉप सांगावेत तसं म्हणाला, "खोली मागची. मोरी डावीकडे. पाणी सकाळी सहा." मुरबाडच्या त्या मागच्या खोलीत मी चार वर्षं राहिले.

तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. तिचंच म्हणणं होतं की नाव घ्यायचं ते नवऱ्याचं, तेही उखाण्यात. आपल्याला लोक काय म्हणतात ते त्यांचं त्यांना ठरवू द्यावं. मी तिला मावशी म्हणत असे, तिच्या नवऱ्याला काका. ती मला पहिल्या वर्षी चष्मे, दुसऱ्या वर्षी बोडके आणि ताप आला असताना बाय म्हणाली. मी तालुक्यातल्या एका कॉलेजात शिकवायचे. आता शहरात शिकवते. इथे सगळे मला मॅडम म्हणतात, आणि ते ऐकलं की मी अजूनही मागे वळून पाहते. ते का, तेच सांगायचंय.

मावशी धवलारीण होती. आमच्या त्या भागात लग्नाचे विधी होताना धवले गाणारी बाई लागते; हळदीला, मांडवाला, प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं आणि ते तिलाच येतं. इतपत सगळ्याच धवलारणींना येतं. मावशीची खरी कीर्ती त्यानंतरच्या कामाबद्दल होती. विधी उरकले आणि पानं मांडली की दोन्हीकडच्या बायका समोरासमोर बसायच्या आणि गाण्यातून एकमेकींच्या पक्षाला शिव्या द्यायच्या. व्याही, विहीण, नवऱ्याचा मामा, कोणाची सुटका नसे. मावशीला त्यासाठी पार डोळखांबपासून बोलावणी यायची. यजमान सांगायचे, धवले दुसरी कोणी म्हणेल, शिव्यांना तुम्ही या.

एकदा समोरच्या धवलारणीने तिच्यावरच तोफ डागली. मावशीचं तोंड म्हणजे स्टँडमागची मोरी, बारा महिने वाहती, असं काहीतरी ते गाणं होतं. मावशीने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मला वाटलं आता भांडण. मावशी म्हणाली, "मोरीच्या फुडची वळ ऐकू नाय आली. परत म्हन." त्या बाईने परत म्हटलं. मावशीने ऐकून मान डोलावली आणि आपल्या पानातला लाडू उचलून तिच्या पानात ठेवला. पुढच्या लग्नात तिने तीच ओळ दुसऱ्या कोणावर तरी वापरली. चोरली नव्हती, म्हणाली, मागून घेतली होती.

तिच्या तोंडातून गावात कोणी सुटत नसे. दवाखान्यात गेली तेव्हा नव्या डॉक्टरला म्हणाली, "हात गार नि डोकं गरम, बायको कशी ऱ्हाते?" डॉक्टर म्हणाला, "मावशी, सुई माझ्या हातात आहे, जरा बेताने." त्यानंतर ती दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे गेली नाही. हा उलट बोलतो, म्हणजे याला दुखणं कळत असणार, असं तिचं गणित होतं.

मी मात्र तिसऱ्या वर्षी कॉलेजातल्या संवेदनशील भाषा समितीची प्रमुख झाले होते. वरून पत्रक आलं होतं आणि बाकी कोणाला वेळ नव्हता. आम्ही तिघं होतो. शिकवताना, भाषणात आणि अंकात वापरू नयेत अशा शब्दांची यादी करायची होती. तिची सुरुवात चांगली झाली, हे मी आजही म्हणेन. काही शब्द खरोखर घाणेरडे होते. वर्गात मागच्या बाकावर पाड्यांवरची मुलं बसायची, आणि ते शब्द ऐकले की त्यांच्या माना कशा खाली जायच्या ते मी पाहिलं होतं. ते शब्द गेले याचं मला वाईट वाटत नाही. पण यादीला एकदा चटक लागली की ती थांबत नाही. शिव्यांनंतर आम्ही म्हणी घेतल्या. मग विशेषणं. मग जनावरं. एका विद्यार्थ्याने परीक्षेत "वासरांत दिव्यांग गाय शहाणी" असं लिहिलं. मी त्याला पूर्ण गुण दिले.

कोणीतरी फेसबुकवर आमच्या समितीला 'वोक' म्हटलं. मी ते घरी येऊन जरा अभिमानानेच सांगितलं. मावशीने विचारलं, "ओक? म्हंजी पोटातलं ओकून टाकायचं?" मी म्हटलं, नाही मावशी, वोक, म्हणजे जागे झालेले लोक. दुसऱ्याला लागेल असं बोलू नये म्हणणारे. "म्हंजी ओकू देत नाय," ती म्हणाली. "मंग तं आजून वाईट. पोटात ऱ्हातं ना ते."

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या पुतणीचं लग्न ठरलं. पुतणी माझीच विद्यार्थिनी. मुलगा खर्डीचा, ठाण्याला ऑफिसात जाणारा. एक दिवस ती माझ्याकडे आली आणि दार लावून घेतलं.

"मॅडम, काकीला तुमी सांगा ना. तिकडच्यांना काय बोलायचं नाय. त्याच्या ऑफिसचे लोक येनार हायत."

"तू सांग की."

"मी सांगितलं. मला म्हनली, तू आधी नवरी हो, मंग बोल."

पोरगी रडकुंडीला आली होती. मी तिला शब्द दिला. समितीच्या यादीतून लग्नात उपयोगी पडतील असे शब्द निवडले: काळा, जाडी, टकला, चकणा, बुटकी, मुका, म्हैस. असे एकतीस झाले. स्वच्छ अक्षरात कागदावर लिहिले आणि वर मथळा दिला: टाळावयाचे शब्द. मावशीला वाचता येत नव्हतं आणि त्या दिवशी ती बाजाराला गेली होती. मी कागद काकांच्या हातात दिला आणि म्हटलं, एवढं मावशींना वाचून दाखवा. काकांनी संध्याकाळी तो वाचून दाखवला. मागच्या खोलीत मला ऐकू येत होतं, एकेक शब्द, मध्ये थांबून, बेल मारल्यासारखा. मावशी काही म्हणाली नाही. मला वाटलं, जमलं.

लग्न डोळखांबच्या बाजूला होतं. विधी पार पडले, धवले झाले. दोन्हीकडच्या बायका समोरासमोर बसल्या. पुतणी माझ्याकडे बघत होती आणि मी तिला मान हलवून धीर देत होते. मावशीने पदर खोचला, टाळी धरली आणि सुरू केलं:

काळा म्हनू नाय गो, काळा म्हनू नाय,
व्याही उभा सावलीत, दिसतच नाय.

मांडव हशाने फुटला. मावशी टाळी तशीच ठेवून पुढच्या शब्दावर गेली:

जाडी म्हनू नाय गो, जाडी म्हनू नाय,
विहीण बसली जीपमदी, दार लागत नाय.

टकला म्हनू नाय गो, टकला म्हनू नाय,
नवऱ्याच्या मामाला फनी लागत नाय.

तिने एकतीसच्या एकतीस घेतले, मी लिहिलेल्या क्रमाने. विहीण तोंडात पदर कोंबून हसत होती. मामाने डोक्यावरची टोपी काढून चारी बाजूंना दाखवली. पुतणीसुद्धा मुंडावळ्या सांभाळत हसत होती, हे मी स्वतः पाहिलं. मग खर्डीची धवलारीण उभी राहिली:

यादी आनली लिवून गो, यादी आनली लिवून,
अक्कल ऱ्हायली घरी नि कागद आला घेवून.

ती मावशीला म्हणत होती, पण हे मला होतं. ते फक्त मला कळलं.

परतीच्या जीपमध्ये मी तिला विचारलं, "मावशी, हे काय केलंत? वर लिहिलं होतं ना?"

"लिवलेलं ना. ह्यांनी वाचलं, टाळावयाचे शब्द. मी टाळावर घेतले. लग्नात टाळ कुठला? म्हनून टाळीवर घेतले."

तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. ती खरंच चुकली की मुद्दाम चुकली हे मी पुढे दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा तिने काकांना मथळा पुन्हा वाचायला लावला.

दुसऱ्या दिवशी अंगणात नाचणीचे पापड वाळत घालताना मात्र ती आपणहून बोलली. तरुणपणी एका लग्नात ती नवऱ्याकडून गात होती. नवरी वर डोंगरातल्या पाड्यावरची. तिच्याकडची माणसं मोजकीच, त्यांची बोली वेगळी, गाणारी बाई कोणी आलेली नाही. नवरी पायाने जरा लंगडायची. मावशीने त्यावर गाणं रचलं. समोरून उलट कोणी गायलं नाही. सगळे तिकडे बघत बसले आणि नवरी खाली बघत बसली.

"ती हितंच दिली हाय, दोन आळ्या सोडून," मावशी म्हणाली. "दर वर्साला पहिले पापड तिला नेते. घेते. पन बोलत नाय माझ्याशी. बरोबर हाय तिचं." तिने एक पापड उलटा केला. "ज्याला उलट गाता येतं त्यालाच गायचं. तुझ्या कागदावर सगळं हाय गो, पन हे नाय. शब्द लिवलेस, मानूस नाय लिवलास."

समितीच्या सगळ्या बैठकांत इतकं सरळ कोणी बोललं नव्हतं. मला ते पटलं. पटलं, हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे घडलं तेव्हा मला हे माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

ऑफिसच्या लोकांपैकी कोणीतरी गाण्याचा व्हिडिओ काढला होता. तो पुढे गेला, आणखी पुढे गेला, आणि जाता जाता कोणीतरी तो कापला. कापताना 'म्हनू नाय' तेवढं गळून गेलं. उरलं ते असं: एक बाई टाळ्या पिटत "काळा, जाडी, टकला, चकणा" म्हणते आहे आणि मांडव हसतो आहे. खाली लोकांनी लिहिलं की ही आपली संस्कृती का, हिला कोणी शिकवलं हे, हिच्यावर कारवाई झाली पाहिजे. जिचा अपमान झाला म्हणून लोक तळमळत होते त्या विहिणीला कोणी विचारलं नाही. तिने मावशीला फोन करून सांगितलं की व्हिडिओत ती जरा बारीक दिसते.

मावशी दर वर्षी आमच्या कॉलेजच्या लोककला दिनाला पहिलं गाणं म्हणायची. तिला बोलावू नका असं पत्र बाहेरून आलं, त्यासोबत व्हिडिओ. प्राचार्यांनी ते आमच्या समितीकडे पाठवलं. आम्ही तिघं बसलो. माझ्या हस्ताक्षरातला तो कागद माझ्या पर्समध्ये होता. मावशीने जपून परत दिला होता, त्याला तांदळाचं पीठ लागलेलं होतं. सहकारी बाई व्हिडिओ दोनदा बघून म्हणाल्या, "हे असले शब्द एखाद्या बाईला सुचतात तरी कसे?"

मी म्हटलं, "हो ना."

एवढंच म्हटलं. मग कार्यक्रम रद्द केल्याचं पत्र मीच तयार केलं, कारण माझी भाषा चांगली होती. त्यात आदर, खेद आणि सर्वसमावेशक हे शब्द होते. खाली माझी सही.

पत्र काकांनी वाचून दाखवलं. मी मागच्या खोलीत होते. ते शेवटच्या स्टॉपपर्यंत आले, माझं नाव, माझं पद.

"सही कोनाची म्हनलात?" मावशीने विचारलं.

काकांनी परत वाचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या दाराशी आली आणि म्हणाली, "मॅडम, तुमचं पानी भरून ठेवलंय."

मी आधी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी आलंय का म्हणून. त्या दिवसापासून अहोजाहो सुरू झालं. मॅडम, जेवलात का. मॅडम, पाऊस हाय, छत्री घ्या. तिच्याकडून इतका मान मला कधी मिळाला नव्हता आणि तो मला सोसवेना. मी माफी मागितली. ती म्हणाली, "असूं दे मॅडम, तुमी शिकलेल्या." लग्नाची बोलावणी अजून यायची, पण बरोबर निरोप असायचा की या खेपेला फक्त धवले. ती जायची, धवले म्हणायची आणि जेवण मांडायच्या आत उठून यायची. काका म्हणाले, घरातसुद्धा गात नाही.

याच सुमारास दुसरी मंडळी आली. ही वोकांच्या विरुद्धची. गळ्यात उपरणी, बरोबर शाल नि नारळ. तुमचा आवाज दाबलाय, म्हणाले, आम्ही तुमचा जाहीर सत्कार करणार, अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे काय ते दाखवून देऊ. जाण्याआधी एकाने सुचवलं की त्या कॉलेजच्या बाईवर एक चांगलं झणझणीत होऊन जाऊ द्या. मावशी कार्यक्रमाला गेली. मी गेले नाही. काकांनी जे सांगितलं ते असं. अध्यक्षांनी मोकळेपणाने बोलण्यावर पाऊण तास भाषण केलं. मग मावशीला माईक दिला. तिने कॉलेजच्या बाईवर काही म्हटलं नाही. अध्यक्षांकडे वळली:

मोकळं बोला म्हनतो गो, मोकळं बोला म्हनतो,
बायको बोलली घरात तं टीव्ही मोठा करतो.

तिथे माईक बंद पडला. तांत्रिक बिघाड, असं जाहीर झालं. आभारप्रदर्शनाला तो पुन्हा चालू झाला. मावशीला न्यायला गाडी आली होती. परत ती दोघं चालत आली. शाल तिने तांदळाच्या पिंपावर घातली, ती मी असेपर्यंत तिथेच होती.

"माझ्यावर का नाही गायल्या त्या?" मी काकांना विचारलं.

काकांनी आधी हातातल्या पेपरची घडी केली. कंडक्टरकी सोडल्यापासून ते दुसऱ्याचंच वाचून दाखवत आले होते, स्वतःचं बोलायची सवय राहिली नव्हती. "मी विचारलं तिला," ते म्हणाले. "म्हनली, तिला उलट गाता येत नाय."

म्हणजे तिने मला त्या नवरीच्या रांगेत बसवलं होतं. खाली बघत बसणाऱ्यांच्या. तीन वर्षं ती मला चष्मे, बोडके म्हणत माझ्या उत्तराची वाट बघत होती, आणि आता तिने वाट बघणं सोडलं होतं. मला फार लाज वाटली. इतकी लाज मला सही करतानाही वाटली नव्हती.

सोमवारी मी पर्समधला तो कागद कॉलेजच्या सूचनाफलकावर लावला. खाली लिहिलं: हे शब्द माझे आहेत, गाणाऱ्या बाईंना ते मी लिहून दिले होते, आणि व्हिडिओतून 'म्हणू नये' हे शब्द कापलेले आहेत. खाली सही. समितीने या प्रकाराची गंभीर दखल घेतली आणि मला संवेदनशीलतेचं प्रशिक्षण घ्यायला सांगितलं. ते प्रशिक्षण कॉलेजात मीच देत असे. म्हणून मी ते स्वतःला दिलं आणि प्रमाणपत्रावर दोन्हीकडे सही केली. पुढच्या लोककला दिनाचं बोलावणं मावशीला गेलं.

"बरं केलंत मॅडम," ती म्हणाली. बोलावण्याचा कागद तिने शालीखाली ठेवला आणि जाणार की नाही ते सांगितलं नाही.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माफी काय, सूचनाफलक काय, मी तिला सगळं दिलं होतं, फक्त तिने पहिल्या दिवशी उंबऱ्यात मागितलं होतं तेवढं सोडून.

मला चार दिवस लागले. वर्गात हजेरी घेताना ओठ हलत असायचे. पोरांना वाटलं मॅडम जप करतात. पाचव्या दिवशी सकाळी मी पुढच्या दाराला गेले. ती उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. काका ओट्यावर पेपर वाचत होते. मी समोर उभी राहिले. चष्मा काढून ठेवला होता म्हणून तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, ते बरं झालं. मी गायले:

मॅडम मॅडम करते गो, मॅडम मॅडम मावशी,
तोंडाला लागलं कुलूप हिच्या, जिभेला एकादशी.

काकांनी पेपर खाली केला. मावशीची मान सुपावरच होती. एक खडा टणकन बाजूला पडला.

"एकादशी कोनाची?" तिने विचारलं.

"माझीच. मीच जुळवली."

"चाल चुकली. आवाज म्हंजी एसटीचं दार." तिने मान वर केली. "पन एकादशी बरी हाय."

मग तिने सूप खाली ठेवलं. सूप खाली ठेवून तिला गाताना मी कधी पाहिलं नव्हतं. पदर खोचला आणि पार स्टँडपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सुरू केलं:

चष्म्याची बाय बोलली गो, चष्म्याची बाय बोलली,
तीन वर्सं मुकी म्हैस, आज कशी रेकली!

मुकी आणि म्हैस, दोन्ही माझ्या यादीतले.

"आता तू, बोडके," ती म्हणाली, आणि काकांनी टाळी धरली.